दोन इंच वाढतं अंग

आजच्या सेवानिवृत्ती समारंभाचे अध्यक्ष आदरणीय चनबसप्पा अण्णा, सत्कारमूर्ती आणि आपले वॉटर पोलोचे प्रशिक्षक मानसिंग सर, सरांच्या शेजारी बसलेल्या वच्छलावहिनी, आणि तलावातून थेट ओल्या केसांनी सभागृहात आलेल्या पोरा-पोरींनो, सर्वांना राजशेखर टेलरचा नमस्कार.

सरांच्या नव्या कोटाकडं बघून मागं हसू चाललंय, ते मला हितनं दिसतंय. बाह्या बोटांवर आल्यात, त्यांना नारळसुद्धा नीट धरता येईना. कोट मीच शिवलाय आणि शुद्धीत शिवलाय. खुलासा शेवटी करतो. अण्णांनी पाच मिनिटं दिलीत, त्यातलं एक नमस्कारातच गेलं.

सरांचा सिद्धांत इथं कुणाला माहीत नाही? वॉटर पोलोत पाय तळाला टेकायचा नाही आणि चेंडू एकाच हातानं फेकायचा. म्हणून सर म्हणायचे, हात लांब तर चेंडू लांब. दोन्ही हात पसरून बोटापासून बोटापर्यंत मोजायचं. साठ इंच भरले तर पोरगं संघात, नाही तर काठावर. फेकून दाखवतो म्हटलं तरी सर बघायचे नाहीत. आधी माप, मग चेंडू.

नऊ वर्षांपूर्वी सरांची कंबर धरली. मला म्हणाले, "राजशेखर, मापं तू घे, तुझा हात बसलाय." बसलाय खरा, पण कशात? मी जन्मभर शाळेचे गणवेश शिवतोय. दुकानात येणारी प्रत्येक आई सांगती, "मास्तर, दोन इंच वाढवून घ्या, वाढतं अंग आहे." त्यामुळं माझा डोळा अठ्ठावन्न बघतो आणि हात साठ लिहितो. त्या दिवशी बावीस पोरांची मापं मी अशीच लिहिली.

त्या वर्षी एकही पोर नापास झालं नाही. सरांनी यादी वाचून डोळे पुसले, म्हणाले, पिढी सुधारली. यादी राज्य स्पर्धेला गेली, तर पुण्याहून एक संशोधक आले. सोलापूरच्या मुलांचे हात उंचीपेक्षा एवढे लांब कशानं, म्हणून घरोघर आहार विचारत हिंडले आणि शेंगाचटणीची तीन पाकिटं तपासायला घेऊन गेले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

सरांना सांगायला निघालो, अन् पाय अडला. यादीत मायाक्का होती. कुंभारीच्या सिदू धनगराची लेक, खरं माप अठ्ठावन्न. सिदू म्हणाला होता, "मास्तर, शेळ्यांमागं ढेकळं फेकून वैतागलीय पोर. हिला पाण्यात तरी घ्या." बोललो असतो तर पोर काठावर. गप्प बसलो तर सरांशी खोटेपणा. सांगा, शिंप्यानं काय उसवायचं?

गप्प बसलो. स्पर्धेत समोरची गोलरक्षक यादीतली लांब हातांची पोरगी शोधत राहिली आणि मायाक्कानं तलावाच्या मध्यावरनं गोल केला. सर काठावर नाचले, "बघा, साठ इंच!" पुढं नऊ वर्षं प्रत्येक भाषणात तेच. मी खाली बसून घाम पुसायचो.

गेल्या आठवड्यात सर कोटाचं माप द्यायला आले, हात पसरून उभे राहिले, आणि मला राहवलं नाही. सगळं ओकलो. रडलोही. सर तसेच हात पसरून म्हणाले, "मला म्हाईत हाय की. त्याच दिवशी मी मायाक्काला परत मोजलं होतं. अठ्ठावन्न. नाव खोडायला पेन काढलं, तोवर तिनं चेंडू फेकला. मग पेन खिशात घातलं."

"मग इतकी वर्षं साठ-साठ काय सांगताय?"

"तू लिहिलेलं मी कशाला खोडू?"

मग हात खाली घेत हळूच म्हणाले, "मला पण अठ्ठावन्न भरले, राजशेखर. म्हणून काठावर बसवायलेत. दोन इंच वाढव की."

म्हणून वाढवल्यात बाह्या. हसा आता.

मायाक्का, उद्यापासून तलावावरची शिट्टी तुझ्या गळ्यात आहे. सकाळी सर येतील. येणारच. माप घेऊ नकोस बाई, वय विचारू नकोस. आधी चेंडू दे.

अण्णांचे आणि संस्थेचे आभार. शिंप्याच्या तोंडून कुठं सैल, कुठं घट्ट शब्द गेला असेल, तर वाढतं अंग समजून सांभाळून घ्या.