नव्या भात्याचा पहिला रविवार

ऑर्गन दुरुस्त झाला आणि आमचं गाणं बिघडलं, हे सांगून कुणाला पटत नाही. नगरच्या आमच्या चर्चमधल्या पाइप ऑर्गनचा भाता जुना, ठिगळं लावलेला. ओळ संपली की ऑर्गन वाजवणारी रूथमावशी भात्यात हवा भरेपर्यंत थांबायची, मग आम्ही गाणारेही थांबायचो. नव्वद साली पुण्याच्या मिस्त्रींनी नवा भाता बसवला. त्या रविवारी मावशी न थांबता वाजवत सुटली. आम्ही सवयीने ओळीओळीला थांबलो. तिचं गीत संपलं तेव्हा आमचं आख्खं कडवं उरलं होतं.

पाळकसाहेब वैतागले, "अहो, थांबता कशाला? भाता नवा आहे आता!"

मागच्या बाकावरून शांतवनकाका म्हणाले, "भाता नवा हाय, सायेब. छाती जुनीच हाय ना आमची!"