मी नाही नाचलो, घोडी नाचली!

...आणि वर मलाच विचारतात, "दानियल, घोडी नाचत होती तेव्हा तुझे पाय कुठं होते?" आता पाय कुठं असणार, तुम्हीच सांगा! जमिनीवर होते. म्हणजे, एक जमिनीवर होता. दुसरा... आता लगामाच्या ओढीनं माणसाचा पाय जरा उचलला जातो, परत टेकतो, परत उचलला जातो, याला काय नाच म्हणायचं का? मी नाही नाचलो हो, घोडी नाचली! पण ऐकतो कोण? चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसवलंय मला. शिस्तीखाली म्हणतात आमच्याकडं याला. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीतल्या भाकरीची, थाळी सगळ्यांपुढून फिरते, माझ्यापुढं आली की वाढणारा छताकडं बघतो, जसं काही तिथं पाल आहे!

तुम्हाला सांगतो, नवापूरच्या डोंगरपट्ट्यात ख्रिस्ती मंडळ्या पुष्कळ, पण आमच्यासारखी कडक दुसरी नाही. दारू नाही, ताडी नाही, तंबाखू नाही. सिनेमा नाही. लग्नात बँड नाही, डीजे नाही, आणि नाच? नाचाचं तर नावच नाही! आता माझे आजोबा ढोल वाजवायचे हो, अख्खा पाडा नाचवायचे रात्र रात्र. मग विश्वासात आले, ढोल सोडला. ढोल सोडता येतो, खुंटीला टांगला की झालं... पाय कुठं टांगणार? ते वारशानं माझ्याकडं आले. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, देवाशी मराठीत बोलतो, पण हे पाय कुठल्याच भाषेत ऐकत नाहीत.

बरं, चहाडी करणं हेसुद्धा आमच्याकडं पाप. म्हणून लोक चहाडी करत नाहीत. प्रार्थना करतात! हो! डोळे मिटायचे, हात वर करायचे, आणि मग देवाला सगळं नाव-गाव-पत्त्यासकट सांगायचं. देवाला माहीत नसतं का? असतं! पण शेजारच्याला नसतं ना! आणि प्रार्थनेत कुणी कुणाला अडवायचं नाही, शेवटी सगळ्यांनी "आमेन" म्हणायचं. एकदा आमेन म्हटलं की झालं, पास! ग्रामसभेत हरकत घेता येते, आमेनला नाही घेता येत.

तर या घोडीचं असं झालं. प्रिस्किला, माझी एकुलती एक मुलगी. बारावीला होती तेव्हा म्हणाली, "बाबा, मला नर्सिंग करायचं." मी म्हटलं, कर की! छाती अशी फुगली म्हणता... दुसऱ्या दिवशी नंदुरबारला कॉलेजात चौकशीला गेलो आणि पंक्चर होऊन परत आलो. तिथली बाई म्हणते, "ट्युशन फी वेगळी, हॉस्टेल वेगळं, मेस वेगळी, युनिफॉर्म वेगळा, डेव्हलपमेंट फी वेगळी." मी म्हटलं, बाई, एकत्र काय आहे ते सांगा! "आणि डिपॉझिट." ते कशाचं? "तुमच्या मुलीनं काही फोडलं तर." अहो, माझी पोरगी घरात कप फोडत नाही, ती तुमच्याकडं येऊन काय भिंत फोडणार? मी विचारलं, आम्हा आदिवासींना स्कॉलरशिप असते ना? "असते ना काका! तुम्ही आता भरा, पोर्टलवर आली की परत मिळेल." डिट्टो आमचे पास्टर! आता द्या, पुढं मिळेल. फरक एवढाच, पास्टर स्वर्गात मिळेल म्हणतात, ही पोर्टलवर मिळेल म्हणते. आणि खरं सांगू का, मला स्वर्गाची जास्त खात्री वाटते.

घरी येऊन हिशेब केला. कमाईचा दशांश मंडळीला. उरलेले नऊ भाग कॉलेजला. मग आपण खायचं काय? उपास! उपासाला मात्र मंडळीची काही हरकत नाही.

म्हणून बैलजोडी विकली. हल्ली नांगराला ट्रॅक्टर येतो, बैल नुसते खातात. ते पैसे खिशात घालून सरळ घरी यायचं होतं मला. पण गेलो कुठं? सारंगखेड्याला, घोड्यांच्या बाजारात! का गेलो? विचारू नका. माझी बायको सुषमा हेच विचारत होती, हातात पळी घेऊन. नुसतं बघायला गेलो होतो हो! तिथं एक पांढरी घोडी, तिच्यापुढं एक मिशीवाला, म्हणतो, "भाई, घोडी नहीं, मोरनी है! सीझन में शादी पे शादी करेगी, बेटी को डॉक्टर बना देगी!" मी म्हटलं, नर्स. तो म्हणाला, "नर्स तो दो बना देगी!" बस्स. एक फुकट मिळते म्हटल्यावर माणूस थांबतो का?

नाव ठेवलं मार्था. कारण बायबलातल्या दोघी बहिणींत मरिया बसून राहिली आणि मार्था काम करत होती, आणि मला कामाचीच पाहिजे होती. मंडळीत विचारलं, घोडी कशाला रे? मी सांगितलं, डोंगरातून सामान वाहायला. खोटं नाही हं! नवरदेव हे सामानच की! बसवला तसा बसतो, उतरवला तसा उतरतो.

मग सीझनभर पिकअपमध्ये घालून नंदुरबार, शहादा, ब्राह्मणपुरी, कुठं कुठं म्हणून गेलो नाही! लोक पण असे... उमाकांतशेठ, मिरचीचे मोठे व्यापारी, मला म्हणतात, "भाऊ, तुन्ही घोडी नाचस का नुसती उभी ऱ्हास? मन्हा पोऱ्यानं लगीन शे, घोडी नाचाले पाहिजे!" मी म्हटलं, शेठ, घोडी नाचते. मी नाही नाचत, मी मंडळीतला. ते म्हणाले, "तुले कोन सांगस नाचाले?" आणि नाचली ना! दोन पायांवर उभी राहिली, गुडघे टेकून सलाम केला, पाहुण्यांच्या हातातली नोट दातांनी अलगद उचलली आणि आणून माझ्या हातात दिली! माझ्या स्वतःच्या पोटच्या पोरीनं एवढ्या मुकाट्यानं कधी परत सुटे पैसे दिलेले नाहीत. रविवारची सुपारी घ्यायची नाही एवढा नियम मी पाळला. अशा रीतीनं पहिल्या वर्षाचा पहिला हप्ता मार्थानं भरला, आणि पोरगी पांढरा ड्रेस घालून कॉलेजात गेली. मी गेटाबाहेर उभा राहून रडलो. हो, रडलो! नाचायला बंदी आहे, रडायला नाही.

सगळं गुपचूप चाललं होतं. मग आला नाताळ.

तरुण संघानं नाटिका बसवली. पूर्वेकडचे तीन ज्ञानी लोक, सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन बाळ येशूला भेटायला येतात. पास्टर म्हणाले, "ज्ञानी उंटावरून येतात. आता उंट कुठून आणायचा?" सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी म्हटलं, पास्टरसाहेब, घोडी लाजाळू आहे. "प्रभूच्या कामाला नाही म्हणू नये, दानियलभाऊ." आता बोला! तीन ज्ञानी, घोडी एक, म्हणून दोघं पायी आणि सगळ्यांत वजनदार ज्ञानी घोडीवर. वजनदार कोण? दलसिंगकाका! आमचे मुख्य पंच! नाचाविरुद्धचा नियम ज्यांनी स्वतः मांडला ते! डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, अंगात सुषमाची जरीची साडी, हातात सोन्याचा डबा... आणि मी लगाम धरून पुढं.

मी देवाला विनवत होतो, प्रभू, तेवढं ढोलक वाजू देऊ नको. आमचा प्रभू सगळं ऐकतो, पण तरुण संघातला ढोलकवाला ऐकत नाही. त्यानं दिली थाप! धाड् धिन्! आणि मार्थानं कान उभे केले. मी तिच्या कानात म्हटलं, मार्था, ही वरात नाही, ही मंडळी आहे! तिला काय, तिला मांडव दिसला, लाइटिंग दिसली, पाठीवर मुकुटवाला दिसला. आणखी काय पाहिजे नवरदेवाला? लागली ना ठेक्यावर! छम् छम्, डावीकडं, उजवीकडं! दलसिंगकाका वरून ओरडतात, "दानियल, धर! अरे धर! हे सैतानाचं..." एवढ्यात ती दोन पायांवर उभी! सोनं उडालं बायकांत, मुकुट उडाला गाईगुरांच्या देखाव्यात, काकांनी तिच्या मानेला मिठी मारली. पोरं टाळ्या वाजवायला लागली, टाळ्या वाजल्या की ती आणखी नाचते, तिला तसंच शिकवलंय! आणि मी... मी लगाम धरला होता. ती डावीकडं गेली की मी डावीकडं, ती उजवीकडं गेली की मी उजवीकडं. ठेका तर ठेकाच असतो हो! मी नाही नाचलो, घोडी नाचली!

इथवर पण चाललं असतं. जनावर बुजलं म्हणून सांगितलं असतं मी. पण पुढं अर्पणाची थाळी ठेवलेली! मार्था थाळीपाशी गेली, मान खाली घातली, दातांनी वरची नोट अलगद उचलली, वळली... आणि सगळ्या मंडळीदेखत माझ्या हातात आणून दिली.

ढोलक थांबलं. बाळ येशूचं काम करणारं तापीबाईचं नातवंड तेवढं खदखदून हसलं.

पुढच्या रविवारी दलसिंगकाका प्रार्थनेला उभे राहिले. अहो काय प्रार्थना! "हे दयाळू पित्या, तू सर्व जाणतोस. नंदुरबारला उमाकांतशेठच्या वरातीत हीच घोडी होती, हे तू जाणतोस. तिनं नवरदेवाच्या मामाच्या हातातून नोट घेतली, नंतर काकाच्या हातातून घेतली, मग डीजेवर दुसरं गाणं लागलं तेव्हा ती पाच मिनिटं मागच्या पायांवर फिरली, हे तू जाणतोस. लगाम कुणाच्या हातात होता, तेही तू जाणतोस! ही घोडी आमच्यातून दूर कर, विकून टाकण्याची दानियलला सद्बुद्धी दे..." आणि सगळी मंडळी, आमेन! दणदणीत! सुषमानं पण सवयीनं म्हटलं. मी पण म्हटलं! स्वतःच्या घोडीला स्वतःच आमेन! आता असा माणूस तुम्ही बघितलाय का कुठं?

बसलो खाली. जानेवारीत दुसरा हप्ता. घोडी गेली म्हणजे हप्ता गेला, हप्ता गेला म्हणजे परीक्षा गेली, आणि पोरगी परत मिरच्या तोडायला. तिला सांगायचं कसं? आणि ती तर माझ्या शेजारच्याच रांगेत बसलेली, सुट्टीला आलेली.

ती उठली. डोळे मिटले. आवाज अगदी गोड. "हे प्रेमळ पित्या, मी तुझे आभार मानते. त्या वरातीत आमचे दलसिंगकाका सुरुवातीपासून शेवटपर्यंत होते, दुसरं गाणं लागलं तेव्हाही होते, तिथल्या त्या वाईट गर्दीत तू त्यांना सांभाळलंस, म्हणून तुझे आभार मानते..." मी एक डोळा उघडला. काकांचे दोन्ही उघडे होते! "आणि पित्या, बाबांची घोडी आता जाईल. पण मला भीती नाही. कारण ही मंडळी म्हणजे एकच कुटुंब आहे, असं काका नेहमी सांगतात. एकाचं दुखलं की सगळ्यांचं दुखतं. म्हणून माझी फी आता हे सगळे मिळून भरणार आहेत, असा माझा विश्वास आहे. ज्यांनी ज्यांनी मघाशी मोठ्यानं आमेन म्हटलं, त्या प्रत्येकाला तू उदार कर. येशूच्या नावानं मागते..."

आणि थांबली.

तुम्हाला सांगतो, आमच्या मंडळीच्या इतिहासात पहिल्यांदा, कुणीही, आमेन म्हटलं नाही! म्हणावं तर खिसा जातो, न म्हणावं तर विश्वास जातो! दलसिंगकाकांचा घाम नाकावरून टपकतोय. मला हे सुचलं असतं का? सात जन्म नाही! काका वरातीत काय करत होते, हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. दहावी नापास माणसाच्या डोक्यात येणार कुठून? तेवढ्यात कळलं मला, बाबा रे, पोरीला शिकवलं त्याची फी वसूल झाली! मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पोरगी माझ्यासाठी उभी राहिली हो, अख्ख्या मंडळीपुढं. मी बाप असून बसून होतो.

शेवटी पास्टर खाकरले. "यावर पंच विचार करतील." गेले आत. आत काय झालं माहीत नाही, "मिरची विकायला गेलो होतो, शेठनं आग्रहानं ठेवून घेतलं," असं काहीतरी काकांच्या आवाजात ऐकू येत होतं. बाहेर येऊन निकाल दिला. घोडी हे मुकं जनावर, तिला ज्ञान नाही, म्हणून तिला पाप नाही. तिनं मंडळीबाहेर नाचावं, फी भरावी, रविवारी विश्रांती घ्यावी, आणि तिच्या कमाईचा दशांश नियमित यावा. सगळे म्हणाले, आमेन! हे कसं लगेच आलं बघा!

मी म्हटलं, आणि मी? तर दलसिंगकाका म्हणाले, "तुला ज्ञान आहे, दानियल. तुझे पाय हलले ते मी वरून बघितलंय." आता घोडीच्या मानेला मिठी मारून, डोळे मिटून ओरडणाऱ्या माणसाला माझे पाय कसे दिसले? पण नाही विचारलं. परत पोरीला प्रार्थना करायला लावायची का?

तर असं आहे. मार्थाचं नाव दर महिन्याला व्यासपीठावरून घेतात, विश्वासूपणे देणारी म्हणून. मी शेवटच्या बाकावर. बाकाशेजारी खिडकी, खिडकीबाहेर ती बांधलेली. गायन सुरू झालं, ढोलक वाजलं की ती बाहेर खुशाल ठेका धरते, आणि मी आत एका पायावर दुसरा पाय घट्ट दाबून बसतो. पास्टरांनी सांगितलंय, पाय शांत झाले की पुढच्या बाकावर घेऊ. होतील हो शांत. नर्सिंग चार वर्षांचं आहे... अजून तीन राहिलीत.