हौदात एक बकेट

मी मूळचा जानेफळचा, शेषराव नाव माहं, बाप दुसऱ्याच्या वावरात राबे अन् मले शाळंपेक्षा खोलून पाह्याचा नाद, स्टो म्हना, पंप म्हना, खोलाचं अन् जोडाचं, म्हून चिखलीले आलो, ग्यासच्या शेगड्या दुरुस्त कराले लागलो, मंग बाथरूमातले गिझर, मंग हे. हे म्हंजे पोहाच्या हौदाचं पाणी तापवाचं मशीन. चिखलीत पोहाचा हौद काऊन, असं सारेच इचारतात. एका डॉक्टरीन म्याडमनं बांधला, पुण्याकडच्या हायेत, लकव्याच्या पेशंटले कोमट पाण्यात उभं करून हातपाय हलवाले लावतात. लाइटचा भरोसा नाही म्हून ग्यासवर. मीच बसवलं, उघड्यावर, भिंतीपासून हटून, धूर मोकळा गेला पाह्यजे. पयले पंप, पाणी फिरलं की मंगच जाळ. बंद करतानी उलटं, जाळ आधी, पंप मागून. आमच्या बोअरचं पाणी लय क्षाराचं, आतल्या तांब्याच्या नळ्यायवर पांढरा थर धरते, तो खरवडाचा. कुंभारीन माशी बर्नरात मातीचं घर करते, ते काढाचं. हेच माहं काम.

पंचफुला, माही बायको, तिले ह्या पाण्याचं कवतिक नव्हतं. ग्यासवाल्याच्या घरात चुलीवर पाणी तापवे, म्हने ग्यासच्या पाण्यानं आंग मोकळं होत नाही. अन् तापवे तं एवढं कढत का हात लावू नये, मंग न्हानीतून आवाज, अवो, इसन! इसन म्हंजे कढत पाण्यात मिसळाचं थंड पाणी, ताई, तुमच्याकडं विसण म्हनत असान. मी चहा ठेवून उठो, दारातून बकेट सरकवो. मी म्हनो, आधीच घेऊन बस ना वं. ती म्हने, मंग तुम्ही काय कामाचे. लग्न झाल्यापासून रोज असंच.

मंग तिले लकवा मारला. भाकरी थापता थापता परातीवरच कलंडली. उजवं आंग गेलं, वाचा गेली. म्याडम म्हनल्या, शेषरावभाऊ, पाय सुधरेल, बोलणं परत येईल का ते मी सांगू शकत नाही. मले तेवढंच पाह्यजे होतं, बोलनं. पाय नसता आला तरी चाललं असतं. लोक म्हनत रडून घे, मोकळा होशीन. रडू येतच नव्हतं ताई. जेवो, झोपो, नळ्या खरवडो. सारं बधिर.

म्याडमनं तिले हौदात घ्याचं ठरवलं. मी पाणी तापवाचं अन् तिथल्या बायायनं तिले धरून उतरवाचं. अख्खा हिवाळा गेला. पाय जराक हलाले लागला, तोंड तसंच. एक दिवस मशीनचं कुठंतरी अडकलं, जाळ टायमावर थांबला नाही, पाणी रोजच्यापेक्षा ऊन झालं. मी हात घालून पाह्यला होता, पन इतक्या वर्षाच्या कामानं माह्या हाताले ऊन-थंड लवकर समजत नाही. आंग भाजन इतकं ऊन नव्हतं. बायायनं तिले उतरवलं, छातीपर्यंत पाणी आलं अन् पंचफुलानं मान वळवली, माह्याकडं पाह्यलं अन् बोलली. इसन.

बाया ओरडाले लागल्या, बोलली, बोलली. म्याडमच्या डोळ्याले पाणी. मी नाचाले पाह्यजे होतं का नाही, सांगा. मी मशीनकडं गेलो. जाळ बंद केला, पंप चालू ठेवला. मंग नळाखाली बकेट भरली, आणली अन् तिच्याजवळ हौदात ओतली. एवढ्या मोठ्या हौदात एक बकेट, काय होते? पन ओतली.

आता ती चालते, काठी घेऊन. बोलनं तेवढंच, एकच शब्द. भूक लागली तरी इसन, झोप आली तरी इसन, माह्यावर चिडली तरी इसन. दुसरा शब्द आता कठीणच, असं म्याडम म्हन्तात. मले बरं वाटलं का इचारसान, तं काय सांगू तुम्हाले, आतून अजून काही हालत नाही. पन आवाज आला का मी हातातलं ठेवून उठतो, काय पाह्यजे ते जवळ गेल्यावर समजते. तुमच्याबी घरी असं कोणी हाक मारनारं राहो ताई, दुसरं काय मांगाचं.