अप्पांचा रविवारचा फोन

...आता तुमी म्हणाल, म्हाताऱ्याच्या डोक्यात फरक पडला असंल, तर तसं काई न्हाय, डोकं माझ्यापेक्षा शाबूत हाय, अडचण तीच तर हाय. तुमाला सांगतो, चौदा वर्षं कॅनडात काढली मी, दर रविवारी सकाळी नऊला अप्पांना व्हिडिओ कॉल, एक रविवार चुकला न्हाय. मग आई गेली, अक्कलकोटला दिलेली माझी थोरली बहीण महादेवीअक्का फोनवर रडली, 'शिवयोगी, अप्पा एकटे पडलेत रे, ये की आता,' म्हणून नोकरी सोडली, कायमचा आलो अप्पांच्या घरी, भवानी पेठेत, दारातच वाकून पाया पडलो, तर अप्पा काय म्हणाले? 'चपला आत घे, कुत्रं नेतंय.' झालं. आता मी आलोय का न्हाय, तुमीच सांगा.

बरं, म्हणलं बोलतील हळूहळू... अप्पा, झोप लागली का? 'हं.' गुडघा कसा हाय? 'हं.' आणि हाच माणूस फोनवर तासतास बोलायचा की, चादरीच्या कारखान्यातलं, शेजारणीच्या सुनेचं, नवी पेठेत कुणी दुकान बंद केलं ते... मी 'ठेवू का?' म्हणलं की 'थांब की जरा.' आणि हितं समोरासमोर बसलो तर दोघंबी पंख्याकडं बघतोय. मग मी आलोय का न्हाय?

आला रविवार. अप्पा आंघोळ करून, वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगीच, फोन तांब्याला टेकवून बसलेले. मी शेजारी बसलो तर म्हणतात, 'सरक तिकडं, शिवयोगीचा फोन यायचाय.' म्हणलं, अप्पा, मीच की शिवयोगी. 'ते ठावं हाय मला. तू हितला. त्यो तितला. मला त्याच्याशी बोलायचंय.'

काय करता... गेलो गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं पांढरी भिंत बघून उभा ऱ्हायलो आणि लावला कॉल. तर खुलला की माणूस. 'जेवलास का? थंडी हाय का तितं?' वैशाखातलं ऊन, नऊलाच टाळू भाजालीय, म्हणलं, 'हाय अप्पा, लई थंडी हाय.' मग सांगाय लागले, 'घरात एक आलाय, चांगला हाय, पण दिसभर माझ्या तोंडाकडं बघत बसतोय, अवघडल्यासारखं हुतंय रे. काय बोलावं त्याच्याशी?' म्हणलं, त्यालाबी तसंच हुत असंल. 'व्हय?' म्हणाले.

मग आवाज खाली आणून म्हणाले, 'डाव्या डोळ्यानं दिसंना झालंय, दोन महिने झाले. तुला म्हणून सांगतोय. घरातल्याला बोलू नगंस, सगळं सोडून आलंय पोरगं, उगं काळजी करंल.'

खाली आलो. जेवाय वाढताना चटणी, कांदा, पाणी, सगळं अप्पांच्या उजव्या अंगाला ठेवलं. त्यांनी ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. 'ऊन लागलं का?' म्हणाले. मी म्हणलं, 'हं.'

आता डोळ्याच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, उद्याचीबी मिळत हुती, पण पुढच्या सोमवारची घेतली... दवाखान्यात चला म्हणून हितल्यानं सांगून काय उपयोग? ते रविवारी तितल्यालाच सांगावं लागंल.