कॅनच्या गळ्यातली तार

आधी दत्ताराम मेस्त्रींचं नाव लिहा, मग माझं. आईवडिलांनी जन्म दिला, शिकवलं, पण मुंबईत मला माणसांत आणलं ते भांडुपच्या दत्ताराम मेस्त्रींनी, आणि त्यांच्याशी मी कसा वागलो तेच सांगायला तुमच्यासमोर बसलोय, तेव्हा वर नाव त्यांचंच पाहिजे.

मी वसंत, मूळचा लांज्याकडचा. वडील दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत राखणीला असायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलेलं नाही. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो तेव्हा वडिलांनी अख्ख्या वाडीत गूळ वाटला, पेढे परवडणारे नव्हते म्हणून गूळ. मग भांडुपला मावशीच्या खोलीत आलो आणि आठ महिने नुसते अर्ज लिहिले. मावशी काही बोलायची नाही, पण जेवताना मीच मान खाली घालून जेवायचो.

शेजारच्या खोलीत मेस्त्री राहायचे. कणकवलीकडचे, एकटेच, आग्रा रोडला पत्र्याचं गॅरेज. एक दिवस म्हणाले, नुसतो बसून काय करतस, ये माझ्याकडे, नोकरी लागली की जा. मी गेलो. काम काय, तर कुठल्या गाडीत कधी कुठलं तेल घातलं ते वहीत लिहायचं, आणि नवीन डबा आला की मेस्त्री म्हणायचे, वाच बघू, ग्रॅज्युएट ना रे तू? मला वाटायचं माझी चेष्टा करतात. मीपण ऐटीत मोठ्याने वाचून दाखवायचो.

काय सांगू तुम्हाला, तेलाच्या बाबतीत तो माणूस डॉक्टर होता. दोन बोटांत थेंब चोळायचा, नाकाशी न्यायचा, की सांगून मोकळा. गिऱ्हाईक म्हणायचं, मेस्त्री, तेल म्हणजे तेल, त्यात काय एवढं? मेस्त्री म्हणायचे, असं? मग उद्या चहात रॉकेल घालून पी ना. स्कूटरचं इंजिन टू-स्ट्रोक, तेल पेट्रोलबरोबर जळतं, पण जळायच्या आधी पिस्टनला ओलं करून गेलं पाहिजे. मोटरसायकल फोर-स्ट्रोक, तिचं तेल खालीच फिरत राहतं, ते जाड लागतं. एकीचं दुसरीला घातलंस की वाट लागली. आणि पुढच्या शॉकअपला तिसरंच, गिरणीत चात्यांना घालतात तसलं स्पिंडल ऑइल, पाण्यासारखं पातळ.

ही तेलं एका फळीवर एकसारख्या निळ्या कॅनमध्ये असायची. कॅन तेलकट, काळे पडलेले, आणि प्रत्येकाच्या गळ्यात गंजकी तार गुंडाळलेली. एकाला एक वेढा, एकाला दोन, एकाला तीन. मला तो सगळा कचराच वाटायचा. आम्हाला कॉलेजच्या लॅबमध्ये शिकवलेलं, बाटली स्वच्छ, लेबल सरळ.

आता कदम मास्तरांचं सांगतो, कारण त्यांच्याशिवाय पुढचं कळणार नाही. कदम मास्तर भांडुपमध्येच शिक्षक, जुनं गिऱ्हाईक. बोरिवलीच्या एका शाळेत त्यांचे मित्र हेडमास्तर होते आणि तिथे लॅब असिस्टंटची जागा निघणार होती. मेस्त्रींनी मास्तरांच्या मागे लागून लागून माझ्यासाठी शब्द टाकून घेतला होता. मास्तर म्हणाले होते, पोरगा तुझ्या खात्रीचा ना रे दत्ताराम? मग झालं.

त्याच मास्तरांच्या स्कूटरचं बोअर करायला, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कातून घ्यायला, मेस्त्री एका सकाळी मुलुंडला लेथवाल्याकडे गेले. गॅरेजात मी एकटा. म्हटलं, हा माणूस आपल्यासाठी एवढं करतो, आपण काहीतरी करू. सगळे कॅन घासले. तारा कापून टाकल्या. तेलं गाळून पुन्हा काठोकाठ भरली, पांढऱ्या कागदावर सुंदर अक्षरात लेबलं चिकटवली आणि कॅन वर्णानुक्रमाने लावले. वर्णानुक्रमाने! अजून आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

मेस्त्री आले. फळीकडे बघत उभे राहिले, खूप वेळ. मग म्हणाले, झकास रे ग्रॅज्युएट. एवढंच. मी फुशारून गेलो.

दुपारी मास्तर आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आल्या. शहापूरला भाच्याचं बारसं, वहिनींच्या हातात डबा, मास्तरांची घाई. मेस्त्रींनी इंजिन चढवलं, हात सगळे रॉकेलने भिजलेले, वास कसला कळणार. नेहमीच्या कोपऱ्यातला कॅन उचलला, नवीन बोअर म्हणून माप जरा चढं घेतलं, पेट्रोलमध्ये ढवळलं. सांगितलं, मास्तर, चाळीसच्या वर जायचं नाही, ठाण्याला अर्धा तास थांबून इंजिन गार करा. मास्तर हसले, म्हणाले, दत्ताराम, विद्यार्थी मी का तू? आणि गेले.

पाऊण तासाने दुसरा स्कूटरवाला आला. मी टू-स्ट्रोकचा कॅन उचलला, तर तो काठोकाठ भरलेला, सकाळी मी भरला होता तसाच. मास्तरांच्या गाडीत मग गेलं काय? कोपऱ्यातला, टोकाचा स्पिंडलचा कॅन उचलला. त्यातलं तेल कमी झालं होतं.

मेस्त्री, म्हटलं, मास्तरांना तुम्ही ह्यातलं दिलंत? त्यांनी बोट बुडवलं, चोळलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी तो कधी विसरणार नाही. नव्या बोअरमध्ये ते तेल म्हणजे तेल नसल्यासारखंच. पिस्टन तापून फुगतो, जाम होतो, मागचं चाक जागच्या जागी थांबतं, आणि मागे आग्रा रोडचे ट्रक.

त्यांच्या मोटरसायकलवर आम्ही सुटलो. मुलुंड गेलं, ठाणं आलं, तीन हात नाक्याला चहाच्या टपरीवाल्याला विचारलं, मास्तर, वहिनी, डबा? तो म्हणाला, होते की, आत्ताच निघाले. मी मागून ओरडत होतो, मेस्त्री, वर लिहिलं होतं ना हो, एवढं मोठं लिहिलं होतं! माजिवड्याच्या पुढे मेस्त्री मान न वळवता म्हणाले, माका वाचूक येना नाय रे, झिला. तार बघून घेतंय मी.

मी नुसता पुढचा रस्ता बघत राहिलो, स्कूटर कुठे दिसते का.

बाळकुम सोडलं आणि कशेळीच्या पुलाआधी स्कूटर दिसली. वहिनींचा हिरवा पदर, आणि त्यांच्या मागे विटांचा ट्रक, अगदी चिकटून. मेस्त्री डोकं तिरकं करून आवाज ऐकत होते. इंजिनाचा सूर बारीक व्हायला लागला होता, किणकिण येत होती. मेस्त्रींनी गाडी ट्रकच्या बाजूने काढली आणि जिवाच्या आकांताने ओरडले, मास्तर, क्लच! क्लच दाबा, क्लच! त्याच क्षणी मागचं चाक जाम झालं. स्कूटर आडवी सरकली, ट्रकचा ब्रेक किंचाळला, पण मास्तरांनी क्लच दाबला होता, चाक इंजिनापासून सुटलं आणि गाडी वळून कडेच्या मातीत गेली. वहिनी पडल्या. मनगट मोडलं. ट्रक वीतभर अंतरावर उभा.

मास्तर उठले ते थेट मेस्त्रींकडे आले. काय घातलंस रे माझ्या गाडीत? मेस्त्री म्हणाले, तेल बदललं गेलं मास्तर, माझो हात चुकलो. मास्तर म्हणाले, कॅनवर लिहिलेलं असतं ना, डोळे फुटले होते? भोवती ट्रकवाले, गोदामातले हमाल जमलेले. मी पुढे सरकलो, खरंच सरकलो, तर मेस्त्रींनी माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाले, गप रव. तुझ्या नोकरीचो सवाल आसा. मग सगळ्यांच्या देखत मान खाली घालून म्हणाले, मला वाचता येत नाही, मास्तर. वीस वर्षं ज्या माणसाने हे कुणाला कळू दिलं नव्हतं, त्याने ते रस्त्यावर उभं राहून सांगितलं, आणि मी गप्प राहिलो.

मला नोकरी लागली. मास्तर सगळीकडे सांगत सुटले, अडाण्याच्या हाती जीव देऊ नका, आणि त्यांच्या शाळेतल्या शिक्षकांच्या स्कूटर गॅरेजला यायच्या बंद झाल्या. मेस्त्रींनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. लॅबमध्ये बाटल्यांवर लेबलं लावणं हेच आता माझं काम आहे, दुसरी शिक्षा काय असते? चार वर्षं असंच चाललं. परवा पाकिटावर मेस्त्रींचं नाव घातलं, खाली लिहिलं, द्वारा श्री. कदम मास्तर, यांनी कृपया वाचून दाखवावे, आणि पोस्टात टाकलं. आत लिहिलंय ते असं.

तीर्थरूप दत्ताराम मेस्त्री यांस, शिरसाष्टांग नमस्कार. हे पत्र मास्तर वाचत असतील. मास्तर, तुम्हालाही नमस्कार, मध्ये थांबू नका, मोठ्याने वाचा, मेस्त्रींना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. मेस्त्री, त्या दिवशी तुमचा हात चुकला नाही. हात जायचा तिथेच गेला. तिथला कॅन मी हलवला होता, गळ्यातली तार मी कापली होती, तुम्हाला न विचारता. आणि कशेळीला मी गप्प उभा राहिलो, कारण मला नोकरी हवी होती. मास्तर, ती तुमच्या शब्दावर मिळाली, तो शब्द तुम्ही परत घेतलात तर माझी तक्रार नाही. वहिनींची माफी समोर येऊन मागेन. मेस्त्री, रविवारी सकाळी गॅरेजवर येतो. कागद आणत नाही, तारेचं भेंडोळं आणतो. कुठल्या कॅनला किती वेढे ते तुम्ही सांगा, मी बांधीन. तुमचा, वसंत.