फणसाचा चीक

नाय नाय, आदी चहा पी तू — सरपंचाचा निरोप गार झाला तर चालंल, चहा गार नको. तर काय म्हणत व्हतास, योगेंद्रा? उद्या गाव जमणार, गावदेवीला कौल लावायचा — रान तोडू का नको, विचारायचं. मग विचारू की! नाय? विचारायचं उद्या, पन उत्तर आजच ठरवायचं? वा रं वा! मग देवीला कशाला तरास — सरपंचालाच शेंदूर फासा, अंग बी ऐसपैस हाय त्याचं. अन् रान तोडून काय, तर रिसॉर्टच्या गाड्या लावायच्या. मुंबईच्या पावण्यांना सावलीत बसायचंय, म्हणून झाडं तोडायची! लय डोकं लागतं याला.

देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली कळी लावायची — उजवी आदी पडली तर हो, डावी पडली तर नाय. अन् तू म्हणतोस डावीला मेण लाव. काय? ओमकारचं काय? हां, आलास वळणावर. माझा ल्योक सरपंचाच्या टेंपोवर हाय, परवापासून नसंल — अन् पूजा बी काढून घेणार? घे म्हणावं. माझे गुडघे सुटतील. नवऱ्यामागं आठ वर्सं बाईमाणूस कौल लावतंय, ते त्याला आजच खटकलं व्हय?

हसतोस काय? म्हातारीला जमत नाय म्हणून ती नको म्हणती, असं वाटतं तुला? अरं खुळ्या, मेण नाय टिकत. फणसाचा चीक लागतो, नखाएवढा — मला कसं ठाऊक? चहा पी गप.

लावलाय, म्हणून ठाऊक! माझ्या संजनाला खालापूरचं स्थळ आलं व्हतं, हायवेला लागून जमीन, दारात गाडी — माझे डोळेच दिपले. ह्यांनी कौल लावला, डावी पडली. परत लावला, परत डावी. तिसऱ्या खेपेला ह्यांना पाणी आणाय धाडलं अन् कळ्या मीच लावल्या. उजवी पडली — पडंल नाय तर काय! लगीन दणक्यात झालं. आता सणाला येती पोर, वैशाखात बी लांब बाह्यांचा कुडता — बाही वर कर म्हनलं, तर 'बरी हाय गं आई' म्हनती. देवीला कशाला बोल लावू? तिनं दोनदा सांगितलं, मीच तिचं तोंड दाबलं. ह्यांना शेवटपर्यंत नाय सांगितलं. रोज आंघोळ घालते देवीला, डाव्या खांद्यावरचा तो काळा डाग घासते — निघत नाय रं.

दे कप इकडं. सरपंचाला सांग, उद्या कळ्या नुसत्या पाण्यानं लागतील. उजवी पडली तर पयल्या कुऱ्हाडीला हळदकुंकू मीच लावीन. अन् डावी पडली, तर टेंपोची चावी ओमकार सोता आणून देईल.

चप्पल घाल. नीघ.