बेडकाचा कायमचा पत्ता

सरकारी खिडकीपुढे निवृत्त मास्तर हुज्जत घालत होते. शेजारी त्यांच्या पत्नी मोबाइल धरून उभ्या होत्या. रांगेत मागे उभ्या नर्सला घरी जायची घाई होती, तरी तिने कान टवकारले.

“साहेब, चाळीस फोटो आहेत! रोज सकाळी बगळा याच तळ्यात उभा असतो. मग कागदावर जमीन कोरडी कशी?”

“मास्तर, बगळा काय, कुठेही उतरतो. काल आमच्या गच्चीवर उतरला. गच्चीला तळं म्हणू? सोमवारी भराव पडणार. चला, पुढचे या.”

“पुढचे थांबतील,” मास्तरांच्या पत्नी म्हणाल्या. “अहो, सरका जरा, मला बोलू द्या.”

“अगं, तुझा तो बेडूक इथे काढू नकोस.”

“काढणारच! साहेब, हा व्हिडिओ बघा. काय दिसतंय?”

“अंडी?”

“बेडकाची. आणि ही शेपटीवाली पिल्लं. महिनाभर चिखलात उतरून काढलाय. बगळा आज इथे, उद्या तुमच्या गच्चीवर. बेडकाचा हाच कायमचा पत्ता. कोरड्या जमिनीत अंडी घालतो का तो? सांगा की!”

“नाही घालत.”

“मग लिहा तसं.”

“लिहितो, बाई. ‘तळ्यात पाणी आहे. चौकशी होईपर्यंत भराव बंद.’ झालं समाधान?”

“शिक्का?”

शिक्का धाडकन बसला. पहिली टाळी नर्सने वाजवली, मग सगळ्या रांगेने.

“जिंकलीस. माझा बगळा मात्र फुकट गेला.”

“फुकट कसा? तळ्यात बेडूक आहेत हे मला कळलं कुणामुळे? तो काय रोज तिथे हवा खायला येत होता?”